मांत्रिकाचे श्रेय आणि केशवर्धक तेल

मनुष्य ज्या व्यंगाची लाज बाळगतो, त्या व्यंगाच्या बाबतीत तो आपली नेहमीची बुद्धी घरी ठेवून बाजारात जातो, असा आमचा फार दिवसांचा समज आहे. आणि तो खोटा ठरविणारा पुरावा रत्नागिरीसारख्या चिकित्सक गावातही आम्हांस सापडत नाही. चिकित्सक हे विशेषण आम्ही उगीच योजिलेले नाही. आंब्याच्या देठाशी नाक लावल्यावाचून येथला गृहस्थ हापूसच्या पेटीचे पैसे मोजीत नाही. परप्रांतीचा आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला गेला की त्याचा संताप अनावर होतो, आणि २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपल्या घरचा न्याय झाल्यासारखा त्यास आनंद झाला. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून माडाचे रोप आणावयाचे तर जात कोणती, किती वर्षांनी धरते, वर्षाला नारळ किती देते, हे विचारल्यावाचून तो रोपास हात लावीत नाही. परंतु याच गृहस्थाच्या चिरंजिवांचे कपाळ बाविसाव्या वर्षी मागे सरू लागले, की ही सारी चौकशी लयास जाते. बाटलीत काय आहे, ते किती जणांस दिले, त्यांतील कितींचे केस आले, आणि ज्यांस दिले नाही त्यांचे काय झाले, यांपैकी एकही प्रश्न न विचारता तो शेकडो, प्रसंगी हजारो रुपये देऊन मोकळा होतो. या विसंगतीविरुद्ध स्पष्ट बोलणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केशवर्धक तेलाची कीर्ती कशी वाढते, हे समजण्यास कोकणातील वाचकांस दूर जावयास नको. विंचू उतरविणारा मांत्रिक आपल्याकडे गावोगाव असे. तांबड्या विंचवाने नांगी मारली की रोग्यास त्याच्या अंगणात नेत. तो मंत्र पुटपुटे, पाणी शिंपडी, अंगारा लावी. आणि पुष्कळ लोक बरे होत. ते बरे होत, कारण पुष्कळशा दंशांत विष अल्पच शिरते व वेदना काही तासांनी आपोआप ओसरतात. जो बरा झाला तो मंत्राने, आणि जो दगावला तो प्रारब्धाने, असा हा जमाखर्च होता. जमेची बाजू मांत्रिकाच्या वहीत लिहिली जाई आणि खर्चाची देवाच्या. या वहीची खरी तपासणी ज्यांनी केली, त्यांत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. गंभीर दंशात हृदयावर काय संकट ओढवते हे त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून टिपले, रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यावर योजून पाहिले, आणि किती रोगी आले, किती वाचले, किती गेले हे आकडे जगातील वैद्यांपुढे मांडले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण पुढे शेकडा तीनच्याही खाली आले. मंत्रात आणि औषधात मुख्य भेद हाच, की औषध मेलेल्यांचीही गणती ठेवते.

आता हाच जमाखर्च केसांस लावून पाहू. मनुष्याच्या मस्तकावर सुमारे एक लक्ष केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे, महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वाढतो. मग त्याची वाढ थांबते, तो दोन-तीन महिने जागीच विसावतो आणि गळून पडतो. त्याच छिद्रातून पुढे दुसरा उगवतो. या हिशेबाने दररोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गक्रमच होय. परंतु टायफॉइड, डेंगी किंवा कोव्हिडसारखे मोठे दुखणे, बाळंतपण, शस्त्रक्रिया, अथवा अंग बारीक करण्याच्या हौसेने केलेली उपासमार, यांपैकी काही घडले, की वाढीत असलेले पुष्कळसे केस एकदमच विसाव्यास जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने गळू लागतात. तोपर्यंत ताप विस्मृतीत गेलेला असतो, बारसेही होऊन गेलेले असते. म्हणून आजच्या गळतीचे कारण त्या मागच्या दुखण्यात आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. मूळ कारण दूर झाले असेल तर ही गळती साधारणतः सहा महिन्यांच्या आत स्वतःहून थांबते व गेलेले केस परत येतात.

तेलवाल्याचा प्रवेश नेमका या अंकात होतो. गळती ऐन भरात असताना बाटली घरात येते, तीन महिने तेल चोळले जाते, तेवढ्यात निसर्ग आपले काम उरकतो, आणि ती बाळंतीण आपल्या दहा मैत्रिणींस तेलाचे नाव सांगते. ती बिचारी खोटे बोलत नाही. तिने तेल लावले हे खरे, आणि तिचे केस आले हेही खरे. तेल लावले म्हणून केस आले, एवढेच काय ते तिला ठाऊक असण्याचा संभव नाही. तेल न लावता ज्या हजारो बाळंतिणींचे केस आले, त्यांचे प्रशस्तिपत्र कोणी छापीत नाही, कारण त्या छापण्यात कोणाचा नफा नाही. प्रत्येक केशतेलाच्या कीर्तीचा पाया म्हणजे आपोआप परत येणाऱ्या केसांची ही फुकटची ठेव होय.

ज्यास आपल्याकडे चाई म्हणतात त्या रोगाचीही हीच कथा आहे. डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा एकाएकी पडतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून केसांच्या मुळांवर उलटल्यामुळे हे होते. एखादाच लहान चट्टा असेल तर पुष्कळदा वर्षभरात तो काही न करताही भरून येतो. म्हणून चाईवर लसूण, कांदा, बिब्बा, जी वस्तू घासावी ती गुणकारी ठरते! त्यांत बिब्बा घासणारांविषयी आमचे मत कठोर आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी किती भाजते हे आपल्या घरातील प्रत्येक वृद्धेस ठाऊक आहे. तरी लहान मुलांच्या डोक्यास ते लाविले जाते, फोड येतात, आणि व्रण खोल गेला तर तेथील केसांची मुळेच नष्ट होतात. म्हणजे जो चट्टा बहुधा भरून यावयाचा होता, तो उपायाने कायमचा होतो. चाई वाढत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तेथे स्टेरॉइडची सुई देतात. आणि सर्व मस्तक व्यापणाऱ्या चाईवर २०२२ पासून बॅरिसिटिनिबसारखी नवी औषधे मान्यता पावली आहेत. ती महाग आहेत व देखरेखीवाचून घेण्याची नाहीत. परंतु तीही मोजून मापूनच मान्यतेस पोचली आहेत.

येथवर ज्या गळतीचा विचार केला, तीत फसवणुकीने पैसा जातो, पण केस परत येतात. दुसऱ्या प्रकारात गोष्ट उलट आहे. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून व टाळूवरून हळूहळू सरकणारे जे पुरुषांचे टक्कल, त्याचे कारण आता गूढ राहिलेले नाही. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांस टक्कल पडत नाही, आणि त्यांस पुरुषी संप्रेरक बाहेरून दिले तर घराण्यात टक्कल असलेल्यांस ते पडू लागते, हे जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखविले. टेस्टोस्टेरोनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरोन नावाचे द्रव्य बनते. ज्यांच्या केसांची मुळे जन्मतःच त्यास भिणारी असतात, त्यांचा केस दरवेळी आखूड व बारीक उगवतो आणि शेवटी लव तेवढी उरते. यात टोपीचा, पाण्याच्या खारेपणाचा किंवा डोक्यास तेल न लावण्याचा काही संबंध नाही. डोके एकदा तुळतुळीत केले म्हणजे केस दाट येतात ही समजूतही निराधार आहे. वस्तऱ्याने केसाचे टोक बोथट होते, म्हणून तो राठ भासतो इतकेच.

या प्रकारात काळाची किंमत मोठी आहे. मूळ बारीक झाले असता औषधाने त्यास धरून ठेवता येते. ते पार मालवले म्हणजे कोणाचाच इलाज चालत नाही. बाविसाव्या वर्षी ज्याची गळती सुरू झाली त्याने पंचविसावे वर्ष उजाडेपर्यंत एकामागून एक सहा तेले चोळली, तर त्याने तेलाचे पैसे घालविले एवढेच नव्हे; जी तीन वर्षे उपयोगी पडली असती तीही घालविली. तेलवाला जे विकतो त्यात ग्राहकाचा वेळ हा सर्वांत महाग पदार्थ असतो, आणि तो बाटलीवरील किंमतीत कोठेही दाखविलेला नसतो.

आता कोणी म्हणेल, हा आमच्या आयुर्वेदाचा उपमर्द आहे. आम्ही उलट विचारतो, आयुर्वेदाचे नाव घेऊन तेल विकणाऱ्यांनी आयुर्वेद वाचला आहे काय? सुश्रुताने क्षुद्ररोगांत इंद्रलुप्त व खालित्य यांचे वर्णन करताना, केस गळल्यावर रोमकूप रोधले जातात व म्हणून दुसरे केस उगवत नाहीत, अशी उपपत्ती सांगितली आहे. वाग्भटाने तर तिन्ही दोषांच्या कोपाने पडलेले टक्कल असाध्य म्हणून सांगून टाकले. ज्या ग्रंथकारांस असाध्य हा शब्द उच्चारण्याचे धैर्य होते, त्यांची चित्रे बाटलीवर छापून शंभर टक्के हमी देणे, हाच त्यांचा खरा उपमर्द होय. माका, जास्वंद, ब्राह्मी यांचा आम्ही द्वेष करीत नाही. कोणी माक्याच्या तेलाची दोनशे माणसांवर साध्या तेलाशी तुलना करून मोजणी दाखवावी. ती खरी उतरली तर सर्वांआधी आम्हीच तिचे स्वागत करू.

खोबरेल तेलाचे काय, असा प्रश्न रत्नागिरीत येणारच. डोक्यावरचा केस हा निर्जीव तंतू आहे; जिवंत असते ते कातडीखालचे मूळ. खोबरेल तेल तंतूत मुरते आणि धुताना त्यातील प्रथिनांची होणारी झीज कमी करते, असे २००३ साली मुंबईतच झालेल्या प्रयोगात दिसून आले. ते करणारे संशोधक एका तेल विकणाऱ्या कंपनीचे होते, हेही सांगून टाकणे न्याय्य आहे. तेव्हा केस मऊ राहावा, तुटू नये, म्हणून आजीने नातीच्या डोक्यास खोबरेल चोळावे. त्यात हितच आहे. फक्त तंतूस तेल लावून मूळ उगवेल अशी आशा धरू नये. माडाच्या झावळ्या पुसल्याने नारळ वाढत नाहीत, हे आम्ही रत्नागिरीकरांस काय सांगावे?

स्त्रियांच्या बाबतीत तेलाची बाटली अधिकच घातक ठरते, कारण तिच्याआड खरा रोग लपतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. लोहाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, अंडाशयाचे विकार, ही स्त्रियांचे केस विरळ होण्याची नेहमीची कारणे आहेत, आणि रक्ताच्या साध्या तपासणीने त्यांचा छडा लागतो. घरातील सून वर्षभर केस गळतात म्हणून तक्रार करते, तिच्यासाठी तिसरी बाटली येते, आणि तिला धाप लागते, पाळीत रक्त फार जाते, हे कोणी विचारीत नाही! केस हे येथे केवळ निरोप्याचे काम करीत असतात. निरोप न वाचता निरोप्यास तेल चोळणे, याला उपचार हे नाव आम्ही देऊ शकत नाही.

मग खरे उपाय कोणते, असे वाचक विचारतील. ते थोडे आहेत, आणि एकही चमत्कार नाही. पहिला मिनॉक्सिडिलचा. हेही मूळचे रक्तदाबाचेच औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागलेले दिसले, तेव्हा ते डोक्यास लावण्याच्या द्रवरूपात तपासले गेले आणि १९८८ साली अमेरिकेत टकलावर मान्य झाले. त्याने पुष्कळांची गळती मंदावते, काहींचे केस थोडे दाट होतात. पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढल्यासारखी वाटते, म्हणून अनेक जण ते टाकून देतात. वास्तविक गुण दिसण्यास चार ते सहा महिने लागतात, आणि औषध सोडले की मिळविलेले केस काही महिन्यांत जातात. हे सांगून विकले तर बाटल्या कमी खपतील; न सांगता विकले तर ती अर्धी फसवणूकच होय.

दुसरा उपाय फिनास्टेराइडच्या गोळीचा, १९९७ पासून पुरुषांच्या टकलावर मान्य असलेला. त्याच्या परीक्षेचे आकडे आम्ही मुद्दाम देतो. अठरा ते एकेचाळीस वर्षांच्या १५५३ पुरुषांच्या प्रयोगांत दोन वर्षांनी केसांची संख्या न घटलेले लोक औषध घेणाऱ्यांत शेकडा ८३ निघाले, आणि औषधासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी घेणाऱ्यांत शेकडा २८. वाचकांनी या अठ्ठाविसांकडे नीट पाहावे. यांनी काहीही घेतले नाही, तरी दोन वर्षांत यांचे केस कमी झाले नाहीत! उद्या कोणी गोमूत्र, गुळवेल वा नळाचे पाणी शंभर माणसांस दिले, तरी हे अठ्ठावीस जण त्याची साक्ष देण्यास तयार असतील, त्यांची छायाचित्रे छापली जातील, आणि उरलेल्या बहात्तरांचा पत्ता कोणास लागणार नाही. मांत्रिकाचे श्रेय किती असते, याचे याहून नेमके मोजमाप आम्हांस माहीत नाही.

या गोळीचे दोषही मोजलेले आहेत आणि ते लपवू नयेत. काही थोड्या पुरुषांत कामेच्छा मंदावते. काहींस उदासीनता येते. आणि आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध नियंत्रकांनी मे २०२५ मध्ये मान्य केले. गरोदर स्त्रीने फुटलेल्या गोळीस हातही लावू नये, कारण पुरुषगर्भास त्यापासून धोका असतो. म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, मित्राच्या सांगण्यावरून घेणे हा शुद्ध अविचार होय. ज्या औषधाचे दोष कोणी सांगू शकतो, त्याचे गुणही कोणी मोजलेले असतात; ज्यास दोषच नाहीत म्हणून सांगतात, त्याचे काहीच मोजलेले नसते.

तिसरा उपाय केशरोपणाचा. जपानातील शोजी ओकुदा यांनी १९३९ साली त्याची वाट दाखविली, आणि १९५० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेन्ट्राइक यांनी ती रुळविली. मानेवरच्या केसांची मुळे त्या संप्रेरकास भीत नाहीत व दुसरीकडे लावली तरी आपला स्वभाव सोडीत नाहीत, हे त्याचे तत्त्व. ते खरे आहे. परंतु येथे परसातील झाडे उपटून अंगणात लावली जातात. बागेत एकही झाड नवे येत नाही. शिवाय शेजारचे जुने केस गळत राहिले तर लावलेल्या केसांचे बेट तेवढे उरते. म्हणून कोवळ्या वयात घाईने हे करून घेणाऱ्यास पुढे पस्तावा होतो. ही शस्त्रक्रिया आहे, आणि तीत मृत्यूही घडले आहेत. नोव्हेंबर २०२४ व मार्च २०२५ मध्ये कानपुरात केशरोपणानंतर दोन अभियंते मरण पावले; त्या प्रकरणी अटक झालेली व्यक्ती दंतवैद्य होती. यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून हे कौशल्य येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगास २०२२ साली लेखी बजवावे लागले, यावरूनच या धंद्याची दशा कळून येते. सुरी कोणाच्या हातात असणार, त्याची पदवी कोणती, भूल कोण देणार, आणि संकट आल्यास जवळ कोणती सोय आहे, हे प्रश्न विचारण्यास लाजणाऱ्याने त्या खुर्चीत बसू नये.

टाळावयाच्या गोष्टींची गणती आता लवकर होईल. ज्या चूर्णावर वा गोळीवर घटकद्रव्ये छापलेली नाहीत, ते घरात आणू नये. फुकट शिबिरे टाळावी. मार्च २०२५ मध्ये पंजाबातील संगरूर येथे टकलावरच्या अशा एका शिबिरात तेल लावून घेतलेल्या साठाहून अधिक लोकांना डोळ्यांची आग होऊन रुग्णालय गाठावे लागले. बायोटिनच्या गोळ्या ज्यास बायोटिनची उणीव नाही त्याच्या केसांस उपयोगी पडल्याचा पुरावा नाही, आणि ती उणीव फार क्वचित असते. उलट या गोळ्यांमुळे हृदयविकाराच्या व थायरॉइडच्या रक्ततपासण्या चुकू शकतात. रोग्याचेच रक्त काढून, त्यातील अंश डोक्यात टोचण्याची जी पीआरपी नावाची पद्धत निघाली आहे, तिचे निष्कर्ष संमिश्र आहेत व प्रत्येक दवाखान्याची कृती निराळी आहे. तिची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

केसांसाठी म्हणून क्षार व जीवनसत्त्वे खाणाऱ्यांनी बुलढाणा जिल्ह्याची हकिकत ध्यानात ठेवावी. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्याच्या बाजूस गावेच्या गावे केस गळून हवालदिल झाली; अठरा गावांतील २७९ माणसांस ही बाधा झाली. कोणी पाण्यास दोष दिला, कोणी बुरशीस, कोणी शाम्पूस. विंचवाच्या विषाचा ज्यांनी छडा लावला, त्याच डॉ. बावस्करांनी येथेही रक्त, लघवी, केस आणि घरातील धान्य तपासले. रोग्यांच्या अंगी सेलेनियम वाजवीहून किती तरी पट अधिक सापडले, आणि त्याचा माग त्यांनी रेशनच्या गव्हापर्यंत लावला. याच सेलेनियमचा अंश केसांच्या कित्येक गोळ्यांत पौष्टिक म्हणून घातलेला असतो! २००८ साली अमेरिकेत एका पौष्टिक द्रवात ते चुकून अतोनात पडले, तेव्हा २०१ माणसांस विषबाधा झाली व पुष्कळांचे केस गळले. जे द्रव्य कमी पडल्याचे कोणी तपासलेले नाही, ते आपल्या मनाने वाढविण्यात कोणते शहाणपण?

कायदा यावर झोपला आहे असेही नाही. औषधांविषयीच्या १९४५ च्या नियमांत, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांची एक यादी आहे. तीत अंधत्व आणि कर्करोग यांच्या पंक्तीस टकलाचेही नाव आहे. परंतु विक्रेता 'बरे करतो' असे न लिहिता 'पोषण करतो' असे लिहितो, आणि खालच्या दोन छायाचित्रांकडून राहिलेले वाक्य पुरे करून घेतो. जाहिरात छापणारेही निर्दोष नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मासिके चाळून पाहावी: आत विवेकाचा पुरस्कार करणारे निबंध, आणि बाहेर केशतेलाची सुकेशिनी! ती परंपरा आज हातातल्या मोबाइलवर शतगुणित झाली आहे, आणि निबंध मात्र पूर्वीपेक्षा कमी वाचले जातात.

पण सर्वांत मोठा दोष विक्रेत्याकडे नाही. तो आम्हां पांढरपेशांच्या दिवाणखान्यात आहे. घेरा, शेंडी आणि पगडी यांच्या काळात टक्कल कोणास दिसत नव्हते व खुपतही नव्हते; मस्तक उघडे झाले तेव्हा ही लाज जन्मास आली. याच जिल्ह्यात एके काळी विधवेच्या मस्तकावर केस असणे हे पाप मानले जाई. आज उपवर मुलीच्या मस्तकावर ते विरळ असणे हा दोष मानला जातो. मुलगा सालस आहे, शिकलेला आहे, 'पण कपाळ जरा मोठे आहे', हे वाक्य आमच्याच घरात, चहाच्या पेल्यावर, हसत हसत बोलले जाते. तेलवाल्याचा धंदा त्या हसण्यावर चालतो. ज्या तरुणाने ते हसू ऐकले, तो पुढे कोणासही काही विचारीत नाही. रात्री दार लावून मोबाइलवर बाटली मागवितो. त्याच्या घरच्यांनी विंचू चावला असता त्यास मांत्रिकाकडे नेले नसते. टकलासाठी मात्र तेच त्यास अंगणापर्यंत पोचवून देतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. केस गळू लागले म्हणजे आधी मागील तीन महिन्यांचा हिशेब आठवावा, मग त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. ते शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही भेटतात. कारण ठरले म्हणजे पुष्कळांस वाट पाहण्यावाचून काही करावे लागत नाही. काहींस लोह किंवा थायरॉइडचे औषध पुरते. आणि ज्यांचे टक्कल वंशपरंपरेचे आहे त्यांनी औषध घ्यावे की न घ्यावे, हे खर्च व दुष्परिणाम समजून घेऊन शांतपणे ठरवावे. न घेणे हाही सन्मानाचा निर्णय आहे. टक्कल हे दुखणे नव्हे, आणि त्याने कोणाचे आयुष्य एका दिवसानेही कमी होत नाही. राहिला विक्रेता. तो पुन्हा दारी आला आणि केस आलेल्यांची छायाचित्रे दाखवू लागला, तर त्यास सभ्यपणे एवढेच सांगावे, की ही वही आम्ही पाहिली. आता ज्यांचे केस आले नाहीत त्यांची दाखवा.